पिझ्झाच्या भट्टीपासून कोलंबियाच्या पायऱ्यांपर्यंत

अमेरिकेहून परत आल्यावर वस्तीत भेटेल तो एकच प्रश्न विचारीत होता, "काय काय पाहिलंत?" स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, शंभर मजली इमारती पाहिल्या, एवढे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होई. पण खरा हिशेब मांडायचा तर एप्रिल २०२३ च्या त्या तीन आठवड्यांत आमचा निम्मा वेळ पिझ्झाच्या दुकानांत गेला. हे ऐकून लोक हसत.

धम्म, चळवळ आणि समाजाच्या बातम्या देणाऱ्या या साप्ताहिकात पिझ्झावर लेख कशासाठी, असेही काही वाचक म्हणतील. त्यांनी रागावू नये. आम्हालाही आधी तसेच वाटले होते.

आमचा भाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेला आणि पुढे नोकरी लागून जर्सी सिटीत राहिला. जर्सी सिटी हडसन नदीच्या एका काठावर, न्यूयॉर्क दुसऱ्या काठावर. नदीच्या खालून गाडी जाते, वीस मिनिटांत माणूस पलीकडे उतरतो. तिकिटे त्यानेच पाठवली होती. विमानतळावर जयभीम झाला, बॅगा गाडीत गेल्या, आणि लगेच त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला.

"मामा, ही यादी. माझ्या आवडीची पिझ्झाची दुकानं. एकही सोडायचं नाही."

आमच्या आयुष्मतींनी कागद हातात घेऊन वाचला आणि म्हणाल्या, "अरे, एवढ्या लांब येऊन आम्ही पावच खायचा का?"

यादीत पहिले नाव होते लोम्बार्डीज. स्प्रिंग स्ट्रीट आणि मॉट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर हे दुकान आहे. बाहेर मोनालिसाचे मोठे चित्र आणि तिच्या हातात पिझ्झा. आत लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ. जेन्नारो लोम्बार्डी नावाच्या इटालियन माणसाने १९०५ साली याच रस्त्यावर पिझ्झा विकायला सुरुवात केली आणि अमेरिकेतले पहिले पिझ्झाचे दुकान ते हेच, असे हे लोक सांगतात. अलीकडे संशोधकांनी जुनी कागदपत्रे काढून त्याच्याही आधी इतर इटालियन हे काम करीत होते असे दाखवले आहे. पहिलेपणाचा मान सगळीकडेच वादाचा. मूळचे दुकान १९८४ साली बंद पडले आणि १९९४ साली त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर पुन्हा सुरू झाले.

भट्टी दगडी कोळशाची आहे. आम्ही वाट पाहत असताना भाच्याने सगळी रीत समजावून सांगितली. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच पीठ. ते थंडीत ठेवून फुगवायचे. मग गोळा घेऊन हाताने पसरायचा, लाटण्याने नाही, कारण लाटले की आतली हवा जाते. वर टोमॅटो आणि मोझरेला नावाचे मऊ चीज. लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून तो भट्टीत सरकवायचा. भट्टीची आच चारशे अंशांच्याही पुढची, त्यामुळे चार-पाच मिनिटांत पिझ्झा बाहेर. कडा फुगलेल्या, खालून काळे डाग पडलेले. हे डाग म्हणजे करपणे नव्हे, तीच या भट्टीची खूण, असे त्याने आम्हाला आधीच बजावले होते. नाहीतर आम्ही पिझ्झा परत पाठवला असता.

आयुष्मतींनी पहिला घास घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर आपली भाकरीच की रे. आई भाकरीवरच ठेचा घालून द्यायची. ताट नको, वाटी नको, चालता चालता खायचं."

त्यांचे हे म्हणणे किती बरोबर होते ते आम्हाला नंतर वाचल्यावर कळले. पिझ्झा हा इटलीतल्या नेपल्स शहरातील गोरगरिबांचा पदार्थ. हमाल, कोळी, रस्त्यावर मिळेल ते काम करणारे. एका खोलीत सगळे कुटुंब, घरात धड चूल नाही. मग रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून तुकडा घ्यायचा आणि उभ्यानेच खायचा. पैसे नसले तर आज खा आणि आठ दिवसांनी दे, अशी उधारीची पद्धतही तिकडे होती. आमच्या वस्तीतल्या किराणा दुकानदाराची वही आम्हाला आठवली.

आणि या अन्नाला नावे ठेवणारेही कमी नव्हते. तारायंत्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत घोकले तो सॅम्युएल मोर्स १८३१ साली नेपल्सला गेला होता. त्याने पिझ्झाची तुलना गटारातून काढलेल्या पावाशी केली. लहान मुलांचा लाडका 'पिनोकिओ' लिहिणारा कोलोदी तर स्वतः इटालियन, पण तोही १८८६ साली पिझ्झाला घाणेरडा म्हणून मोकळा झाला. अन्नाला नाव ठेवता ठेवता खाणाऱ्यालाच नाव ठेवायचे, ही युक्ती आपल्याला काही नवी नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा. समाजाने ते सोडले. पण आपल्या साध्या सुक्या बोंबलाच्या वासाने नाक दाबणारे शेजारी अजून आहेतच.

सन १८८९ मध्ये इटलीच्या मार्गारिता राणीने नेपल्सला पिझ्झा खाल्ला आणि तेव्हापासून त्याला प्रतिष्ठा मिळाली, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. टोमॅटो, चीज आणि पाल्याच्या पिझ्झाला तिचेच नाव आहे. ज्या पत्राच्या आधारावर ही गोष्ट उभी आहे ते पत्रच खरे नसावे, असे आता काही अभ्यासक म्हणतात. आम्हाला तर ही गोष्ट मुळातच पटत नाही. राणीने एक दिवस खाल्ले, हमालांनी रोज खाल्ले. नाव मात्र राणीचे.

पुढे १८८० नंतरच्या चाळीस वर्षांत चाळीस लाखांवर इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेकडचे, भूमिहीन, अशिक्षित. मलबेरी स्ट्रीटच्या आसपास त्यांच्या चाळी होत्या. जेकब रीस नावाच्या पत्रकाराने १८९० साली या चाळींची दैना पुस्तकात मांडली आणि सुखवस्तू न्यूयॉर्कला धक्का बसला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले. आज त्याच रस्त्यांवर घरभाडे ऐकून आमच्या छातीत धडकी भरली. इटालियन लोक केव्हाच वर सरकले, उपनगरांत गेले. मागे उरल्या भट्ट्या.

यादीतले दुसरे आणि तिसरे नाव आम्ही एकाच दिवसात उरकले, कारण दोन्ही दुकाने चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. ब्लीकर स्ट्रीटवरचे जॉन्स हे १९२९ पासूनचे. तिथे लाकडी बाके आणि त्यांवर पन्नास-साठ वर्षांच्या गिऱ्हाइकांनी कोरलेली नावे. आपल्याकडे एसटीच्या बाकावर असतात तशीच, बदामासकट. जॉन्समध्ये तुकडा मिळत नाही, अख्खा पिझ्झाच घ्यावा लागतो, आणि ही गोष्ट त्यांनी पाटीवर ठसठशीत लिहून ठेवली आहे. जवळच कार्माइन स्ट्रीटवर जोज आहे, १९७५ पासूनचे. तिथे नेमके उलटे. उभ्याने तुकडा घ्या, कागदी थाळीत, आणि चालू लागा. या तुकड्याला तिकडे स्लाइस म्हणतात.

हा फरक भट्टीमुळे पडला. कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा गरम असतानाच खावा, थोडा वेळ गेला की चिवट होतो. गॅसच्या भट्ट्या आल्या तेव्हा आच कमी झाली, पिझ्झा मोठा आणि जरा कोरडा करता येऊ लागला. तो काचेआड ठेवून गिऱ्हाईक आले की एक तुकडा पुन्हा गरम करून देता येतो. म्हणजे ज्याला अख्खा पिझ्झा परवडत नाही, किंवा जो एकटा आहे, त्याची सोय झाली. आम्ही जोजच्या दुकानात अर्धा तास उभे होतो. पोस्टमन आला, कोट घातलेला वकील आला, इमारतीचे काम करणारे चार गवंडी आले, शाळेची दोन काळी मुले आली. सगळे एकाच रांगेत आणि एकाच फळीवर कोपरे टेकून खात होते.

न्यूयॉर्कचा माणूस तुकडा मधोमध दुमडून हाताने खातो. त्या शहराचे महापौर डी ब्लासिओ यांनी जानेवारी २०१४ मध्ये काट्या-चमच्याने पिझ्झा खाल्ला तर वर्तमानपत्रांनी त्यांची अशी टर उडवली की बिचाऱ्यांना खुलासा करावा लागला. हे ऐकून आयुष्मती फार खूश झाल्या. लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये चमच्याने पुलाव खाताना त्यांची होणारी फजिती आम्ही पाहिलेली आहे.

आमचे बी.कॉम. इथे कामी आले. एका तुकड्याची किंमत आणि भुयारी रेल्वेचे एका प्रवासाचे भाडे ही दोन्ही साधारण सारखी असतात, असे न्यूयॉर्कच्या लोकांचे एक गमतीचे सूत्र आहे. वर्तमानपत्रात ते १९८० साली प्रथम छापून आले. आम्ही गेलो तेव्हा रेल्वेचे भाडे पावणेतीन डॉलर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वाढून २ डॉलर ९० सेंट झाले. तुकडा बहुतेक ठिकाणी तीन डॉलरच्या घरात. डॉलर तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एक तुकडा अडीचशे रुपयांना. पहिले चार दिवस आम्ही प्रत्येक घासाचे रुपये करीत होतो. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, गुणाकार बंद करा, नाहीतर उपाशी राहाल."

पण त्यालाही हा गुणाकार चांगला ठाऊक होता. शिकत असताना शिष्यवृत्तीचा हप्ता एकदा तीन महिने आला नव्हता. तेव्हा शहरात एका डॉलरला तुकडा देणारी दुकाने होती. सकाळी एक आणि रात्री एक, असे त्याने दिवस काढले. ताईला फोनवर मात्र रोज वरण-भात सांगायचा. आम्ही गेलो तेव्हा ती दुकानेही दीड डॉलरवर गेली होती.

चौथे ठिकाण डी फारा, ब्रुकलिनमध्ये. क्यू गाडीने ॲव्हेन्यू जे स्थानकावर उतरायचे. आजूबाजूला सनातनी ज्यू लोकांची वस्ती, काळ्या हॅटा घातलेले पुरुष, लांब झग्यांतल्या बायका. आणि मध्येच हे कळकट वाटावे असे छोटे दुकान. डोमिनिक डी मार्को नावाचे गृहस्थ १९५९ साली इटलीतून आले आणि १९६५ साली त्यांनी हे सुरू केले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे जवळजवळ प्रत्येक पिझ्झा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. दुसऱ्याला हात लावू देत नसत. लोक तास-तास, दोन-दोन तास ताटकळत. भट्टीतून गरम तवा ते उघड्या हाताने ओढीत आणि वर बेझिलचा ताजा पाला कात्रीने कापून टाकीत. (बेझिल म्हणजे आपण ज्याचे बी फालुद्यात घालतो त्या सब्जाचेच झाड. आयुष्मतींनी वासावरून ओळखले.) मार्च २०२२ मध्ये ते वारले. आम्ही गेलो तेव्हा त्यांची मुले दुकान चालवीत होती. कात्री तशीच चालू होती.

भाचा त्यांना पाहून आलेला. म्हणाला, "हातावर सगळे चट्टे होते मामा. जुने आणि नवे." आमचे वडील गिरणीत होते. त्यांच्या हाताला भोवऱ्या होत्या. कष्टाच्या हाताचे असे कौतुक की परक्या देशाची वर्तमानपत्रे त्याच्या मरणाची बातमी सविस्तर छापतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आपल्याकडे चांभाराच्या, बुरुडाच्या, पाथरवटाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या काय घडले त्याची नोंद कोणी ठेवली? आयुष्यभर एकच काम मनापासून करणे वेगळे, आणि बापाने केले म्हणून मुलाने तेच केले पाहिजे असा धर्माचा हुकूम असणे वेगळे. डी मार्कोंची मुले दुकानात आली ती त्यांच्या मर्जीने.

डी फाराचा चौकोनी, जाड पिझ्झा आम्हाला सगळ्यांत आवडला. खालून तेलात कुरकुरीत झालेला. आयुष्मतींनी घरी आल्यावर भाकरीच्या तव्यावर झाकण ठेवून तसा करून पाहिला. आधी नुसता पोळा एका बाजूने भाजून घ्यायचा, उलटवून भाजल्या बाजूवर टोमॅटो-लसणाची चटणी आणि चीज घालायचे आणि मंद आचेवर झाकायचे. भट्टीची सर नाही, पण आमच्या चाळीत पोरांनी फडशा पाडला.

यादीतले कोनी आयलंडचे टोटोनोज आमच्याकडून राहिले. ते १९२४ सालचे, लोम्बार्डींच्या हाताखाली काम केलेल्या माणसाने काढलेले. त्याच १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दक्षिण युरोपातल्या लोकांना येण्याची दारे जवळजवळ बंद केली, आणि त्याच साली इकडे मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तारखा जुळवण्याची आम्हाला सवयच आहे. ईस्ट हार्लेममधले पॅट्सीज मात्र पाहिले, १९३३ पासूनचे, फर्स्ट ॲव्हेन्यूवर. कोळशाच्या भट्टीतला असूनही तिथे तुकडा मिळतो. एके काळी ती इटालियनांची वस्ती होती. आता सभोवती स्पॅनिश बोलणारे लोक आहेत. आम्ही पाहिलेल्या जवळजवळ सगळ्याच दुकानांत पीठ पसरणारी माणसे आपसांत स्पॅनिश बोलत होती. भट्टी तीच, तिच्यापुढचा घाम बदलत गेला.

आता यादीतले शेवटचे नाव. ते भाच्याने मुद्दाम १४ एप्रिलसाठी राखून ठेवले होते.

शुक्रवार होता. भाच्याने रजा घेतली होती. आम्ही पांढरे कपडे घातले आणि सकाळीच कोलंबिया विद्यापीठात पोहोचलो. तिथल्या एका विद्यार्थ्याने आत जाण्याची व्यवस्था करून ठेवली होती. लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. इंग्लंडमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो १९९१ साली विद्यापीठाला दिला. १९९५ पासून तो या ग्रंथालयात आहे. मुले शेजारीच अभ्यास करीत बसली होती. आम्ही फूल ठेवले आणि हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घेतले. एका मुलीने मान वर करून पाहिले आणि पुन्हा पुस्तकात घातली. ग्रंथालयात बाबासाहेबांना याहून चांगली मानवंदना कोणती द्यायची?

नंतर बाहेर लो लायब्ररीच्या रुंद पायऱ्यांवर बसलो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात इथे होते, तेव्हा विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय याच घुमटाच्या इमारतीत होते. समोर उजव्या-डाव्या बाजूंना वसतिगृहे. ते आधी हार्टले हॉलमध्ये उतरले, तिथले जेवण मानवले नाही म्हणून बाहेर पडले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. आज त्या इमारतीचे नाव वॉलाक हॉल आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन घरी रमाईंना पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची. ती दोन हजारांच्या घरात गेली, असे चरित्रकार सांगतात. ते लोम्बार्डींच्या दुकानात कधी गेले होते का, असे आयुष्मतींनी विचारले. तसे कोणी लिहिलेले नाही, आणि आम्ही उगाच जोडणार नाही. एवढे मात्र खरे की बावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ते अशा गावात आले होते जिथे टेबलाशी बसताना कोणी जात विचारीत नव्हते.

तिथून ब्रॉडवेने पाच गल्ल्या दक्षिणेला आलो की कोरोनेट लागते. इतर दुकानांसारखे या दुकानाचे कोणी ग्रंथ लिहिलेले नाहीत. विद्यार्थ्यांचा अड्डा. तुकडा केवढा, तर कागदी थाळीच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा. आम्ही तिघांत दोन घेतले. चव सांगायची तर साधी, चीज भरपूर, तेल ओघळणारे. डी फारापुढे काहीच नाही.

"हे तुझं सगळ्यात आवडतं?" आम्ही विचारले.

भाचा थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने जे सांगितले ते त्याने तोवर ताईलाही सांगितले नव्हते.

पहिल्या नोकरीत दर शुक्रवारी कंपनीतर्फे सर्वांना दुपारी पिझ्झा असायचा. त्याच्या गटात भारतातले पाच-सहा जण होते, त्यात एक आपल्या महाराष्ट्रातला. त्या गृहस्थाने आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले. मग, "तुमच्याकडे काय काय खातात?" हेही हसत हसत विचारले. पुढच्या शुक्रवारपासून शाकाहारी पिझ्झाचा डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. भाचा त्या बाजूला गेला की कोणीतरी झाकण लावायचे. कोणी एक शब्दही वावगा बोलले नाही. गोऱ्या साहेबाला तर काही दिसलेच नसेल. दोन महिन्यांनी भाचा शुक्रवारी जेवायला जाईनासा झाला. खाली उतरायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने तुकडा खायचा. सुटीच्या दिवशी गाडीने इथवर यायचा, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ बसायचा आणि मग कोरोनेटमध्ये.

"इथे सगळं एकाच काचेमागं असतं मामा," तो म्हणाला. "पैसे दिले की तुकडा. झाकण नाही."

त्याला पिझ्झाचा एवढा शौक का, याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला. जिभेचे चोचले समजून आम्ही तीन आठवडे त्याची थट्टा करीत होतो.

केवळ सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवले आहे. आमच्या मनात आले, इथे तर सहभोजनापर्यंतही गाडी आली नाही. माणसे सातासमुद्रापार आली आणि डब्याचे झाकण बरोबर घेऊन आली. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला सिॲटल शहराच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव केला होता. अमेरिकेतले असे करणारे ते पहिले शहर. पुढे कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. विरोध करणाऱ्यांत आपलेच देशबांधव पुढे होते.

"मग त्या लोकांना तू काहीच बोलला नाहीस?" आयुष्मतींचा आवाज जरा चढला होता.

"नोकरी बदलली मामी. नवीन ठिकाणी सहा महिने आडनावच पूर्ण सांगितलं नाही."

टेबलावर त्याचा फोन मघापासून थरथरत होता. तो बघत नव्हता. आयुष्मती म्हणाल्या, "अरे, बघ तरी कोणाचा आहे." तेव्हा त्याने सांगितले. त्या दिवशी सकाळी घरून निघण्यापूर्वी त्याने नव्या कार्यालयातल्या सर्व सहकाऱ्यांना एक पत्र पाठवले होते. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आहे, ते कोण होते, मी त्यांचा कोण लागतो, आणि आज दुपारचा पिझ्झा माझ्याकडून. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. पंधरा डबे मागवून दिले होते. सगळे एकाच टेबलावर, शाकाहारी आणि मांसाहारी शेजारी शेजारी ठेवायचे, असेही दुकानदाराला सांगितले होते. आणि मग दिवसभर त्याची फोन पाहण्याची छाती होत नव्हती.

त्याने फोन उघडला. एकेक वाचू लागला. धन्यवादाचे बरेच होते. चिनी मुलीने विचारले होते की या गृहस्थांचे इंग्रजीत कोणते पुस्तक आधी वाचावे. एका काळ्या सहकाऱ्याने लिहिले होते की सोमवारी आपण दोघे बोलू. शेवटी एक फोटो होता, टेबलाचा, उघड्या डब्यांचा.

"त्या गटात भारतातले किती?" आम्ही विचारले.

"तिघं. एकानं थँक्स लिहिलंय. दोघांनी काही लिहिलं नाही." त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि डबे मोजले. "पण मामा, पंधराच्या पंधरा रिकामे आहेत."

आयुष्मतींनी अर्धा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. गाडीत भूक लागली तर म्हणून.